पायाच्या जखमेचा सातबारा



गेली सत्तावीस वर्षे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील भातखाचरांच्या बांधावरून मी हिंडतो आहे. काम शेतीचे. बियाणे, खते, कीड, रोग आणि अवकाळी पाऊस पडला की पंचनामे. तेव्हा पायाच्या जखमेवर लिहायला हा माणूस वैद्य कधी झाला, असे आपण म्हणाल. मी वैद्य नाही आणि औषधही सांगणार नाही. सांगायचे आहे ते कागदाविषयी, आणि कागदांत माझी सारी नोकरी गेली आहे.

भातावर करपा पडला तर एक औषध आणि कडा करपा पडला तर दुसरा इलाज. करपा बुरशीचा, कडा करपा जिवाणूचा. पान दोन्हीत वाळते. पण बुरशीचे औषध कडा करप्यावर कितीही मारले तरी पैसे जातात आणि पीकही जाते. म्हणून आम्ही आधी रोगाचे नाव नक्की करतो आणि मगच चिठ्ठी लिहितो. माणसाच्या पायाच्या जखमेचेही असेच असते, हे मला घरच्याच एका दुखण्याने शिकविले. त्यात सहा वर्षे गेली.

लावणीच्या दिवसांत खाचरात वाकलेल्या बायांच्या रांगेकडे पाहा. एखादीच्या घोट्याच्या वर फडके गुंडाळलेले दिसते. फडक्यावरून प्लॅस्टिकची पिशवी, तिला सुतळी. विचारले तर म्हणते, "जुनं आहे, चिघळतं पावसात." पुरुषांतही आहे. चहाच्या टपरीवर, विटांच्या भट्टीवर, दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांत आहे. पायाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या वर काळपट तपकिरी डाग, खाज, सूज, आणि मग एके दिवशी काट्याचे किंवा ढेकळाचे निमित्त होऊन उघडलेली जखम. ती भरते, पुन्हा उघडते, मोठी होते. दुखणे जिवावरचे नाही, म्हणून घरात कोणी फारसे मनावर घेत नाही. वास येऊ लागला की बाई स्वतःच लग्नाकार्यात मागे बसू लागते.

पंपाचा फुटव्हॉल

ही जखम का होते, ते शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे. विहिरीवरच्या पंपाच्या नळाला तळाशी फुटव्हॉल असतो. पाणी वर चढू देतो, खाली पडू देत नाही. तो गळका झाला की पंप बंद होताच नळातले पाणी विहिरीत परत जाते. पायातल्या निळ्या नसांमध्येही अशाच बारीक झडपा असतात. रक्त पायातून वर हृदयाकडे चढवायचे, तर पोटरीचा स्नायू हाच पंप. माणूस चालतो तेव्हा पोटरी आवळते, रक्त वर ढकलले जाते आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडपा सैल पडल्या की रक्त घोट्यापाशी साचते. नसा तटतटून फुगतात, गुंता दिसू लागतो. साचलेल्या रक्ताचा दाब कातडीवर येतो, कातडी काळवंडते, कडक होते आणि तिची भरून येण्याची ताकद जाते.

हे कोणाला जास्त होते? वय झालेल्यांना, तासन्‌तास एका जागी उभे राहणाऱ्यांना, बऱ्याच बाळंतपणांनंतर बायांना, अंगाने जड असणाऱ्यांना, घरात आईवडिलांना असेल त्यांना, आणि पूर्वी कधी पायाच्या खोल नसेत रक्ताची गाठ अडकली असेल त्यांना. चिखलामुळे ही जखम होत नाही. पण झालेली जखम चिखलात घातली की त्यात घाण जाते, आणि आपल्या कोकणपट्टीत उघड्या जखमेतून लेप्टोचा ताप शिरतो, तो माणूस घेऊन जातो. शेण, राख, तंबाखूची पूड जखमेवर घालणारे अजून भेटतात. शेणातून धनुर्वात होतो. हे आपल्या आजीने केले असेल, तरी करू नये.

मूळ इलाज मलम नव्हे. मूळ इलाज म्हणजे तो दाब उतरविणे. पाय हृदयाच्या वर उचलून निजणे, चालत राहणे, घोटा वरखाली हलविणे, आणि बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत दाबाची पट्टी बांधणे. घोट्यापाशी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरपर्यंत दाब येईल अशी ही पट्टी जाणत्या हाताने बांधायची असते. गळका फुटव्हॉल तसाच ठेवून नुसता नळ पुसत बसायचा, तशी नुसती मलमपट्टी.

एका प्रश्नचिन्हाची गोष्ट

आता घरची हकीकत. माझी थोरली बहीण मुरबाड तालुक्यात माळशेजच्या वाटेवरच्या एका गावात दिलेली आहे. २०१६ च्या लावणीत तिच्या डाव्या पायाला आतल्या बाजूने काटा लागला. जखम रुपयाएवढी होती. गावातल्या डॉक्टरांनी ड्रेसिंग केले, गोळ्या दिल्या. दिवाळीपर्यंत भरली आणि पुढच्या पावसात पुन्हा उघडली. मग मुरबाड झाले, कल्याण झाले, कोणी सांगितले म्हणून एकदा नाशिकही झाले. प्रत्येक ठिकाणी नवा कागद. कागदावर काय? "पायाची जखम. ड्रेसिंग." खाली गोळ्यांची नावे. जखम कोणत्या पायाला, किती मोठी, किती दिवसांची, कशामुळे, यांतले काही नाही.

२०१९ साली एका दवाखान्यात गर्दी होती. तिथल्या डॉक्टरांनी घाईत कागदावर लिहिले, "मधुमेहाची जखम" आणि पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे शंका, साखर तपासून पाहा, एवढाच अर्थ. साखर तपासली, ती ठीक निघाली. पण तो तपासणीचा कागद घरी कणगीमागे पडला आणि केसपेपर पिशवीत राहिला. पुढच्या ठिकाणी तो केसपेपर पाहून नव्या कागदावर लिहिले गेले, "मधुमेहाची जखम". प्रश्नचिन्ह उतरवून घ्यायचे राहिले. तिसऱ्या ठिकाणी दुसऱ्याचे पाहून तेच. तीन वर्षे माझी बहीण भात सोडून नाचणीची भाकरी खात होती, गोड शिवत नव्हती, आणि पायाला दाबाची पट्टी मात्र कोणी बांधली नाही. कारण मधुमेहाच्या पायाला घट्ट बांधायला डॉक्टर कचरतात, आणि ते बरोबरच आहे.

मी तिच्या घरी वर्षातून चार वेळा जात होतो. सातबारावरची वहिवाटीची चूक मी लांबून ओळखतो. ही ओळखली नाही. २०२२ च्या दिवाळीत भाऊबीजेला गेलो तेव्हा ताटात मला करंजी वाढली आणि स्वतः घेतली नाही. मी म्हटले, "ताई, साखर किती आली होती गं?" ती म्हणाली, "आली कुठे? कधीच नाही आली. पण कागदावर आहे ना." तेव्हा पिशवी उपडी केली. एकवीस कागद निघाले, त्यांतले सहा पावसात भिजून चिकटलेले. तारखेने लावले. फेरफाराची नोंद शोधावी तसा मागे मागे गेलो आणि ते प्रश्नचिन्ह सापडले.

त्यानंतर एका मोठ्या रुग्णालयात दाखविले. तिथल्या डॉक्टरांनी ताईला उभे करून पाय पाहिला. तोवर सगळ्यांनी निजवूनच पाहिला होता, आणि निजल्यावर फुगलेल्या नसा उतरतात. मग डॉपलर सोनोग्राफी केली. झडपा गळक्या. नसेवर शस्त्रक्रिया करायचे ठरले आणि सरकारी योजनेत मंजुरीसाठी कागद गेले. ते परत आले. का? जुन्या कागदावर मधुमेहाची जखम, नव्या कागदावर नसांची जखम, खुलासा करा. वर रेशनकार्डावर सासरचे नाव एका प्रकारे, आधारकार्डावर दुसऱ्या प्रकारे. या सगळ्यात आणखी तीन आठवडे गेले. पीकविम्यात पेरा भाताचा आणि नोंद नाचणीची असली तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे.

नावाला आकडा असतो

इथे मला एक गोष्ट नव्याने कळली. डॉक्टर जे लिहितात, त्याचे मोठ्या रुग्णालयात एका आकड्यात रूपांतर होते. जगातल्या सर्व रोगांची एक यादी आहे. तिचे मूळ १८९३ सालचे. त्या वर्षी झाक बेर्तियाँ या फ्रेंच गृहस्थाने शिकागो येथे मृत्यूच्या कारणांची यादी संख्याशास्त्रज्ञांच्या सभेपुढे मांडली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती सांभाळली, वाढविली. १९९० साली तिची दहावी आवृत्ती मान्य झाली. १ जानेवारी २०२२ पासून अकरावी अमलात आली आहे, तरी आपल्याकडच्या रुग्णालयांत दहावीचा वापर अजून चालू आहे.

या दहाव्या आवृत्तीत नसा फुगून झालेल्या पायाच्या जखमेचा आकडा आहे आय ८३.०. तीच जखम सुजून लाल झाली असेल, तर आय ८३.२. जुनी रक्ताची गाठ अडकून नस बिघडली असेल, तर आय ८७.०. नसा वर फुगलेल्या दिसत नाहीत पण आतून रक्त चढत नाही, तर आय ८७.२. मधुमेहाने रक्तपुरवठा बिघडून झालेली जखम ई ११.५ मध्ये जाते. आणि कागदावर नुसते "पायाची जखम" एवढेच लिहिले असेल, तर तिला एल ९७ हा आकडा. म्हणजे "इतरत्र न बसणारी". आमच्या खात्यातल्या तक्त्यात शेवटचा रकाना "इतर" असा असतो, त्यातलाच हा प्रकार. आणि त्या रकान्यात पडलेल्या कागदाचे काय होते, ते मी सत्तावीस वर्षे पाहतो आहे.

आकडा घालणारा माणूस वेगळा असतो. त्याने रुग्ण पाहिलेला नसतो. डॉक्टरांनी लिहिले तेवढेच त्याला धरता येते. अंदाजाने तो काही घालू शकत नाही आणि घालूही नये. तलाठ्याने बांधावर न जाता पेरा लिहिला तर आपण ओरडतो, मग इथे अंदाज कसा चालेल? अमेरिकेत याच आकड्यांना पुढे आणखी अंक जोडतात. पाय डावा की उजवा, जखम घोट्याला की पोटरीला, नुसती कातडी गेली की चरबी दिसते की हाड, हे सगळे अंकांत येते. तिथले रुग्णालय हे लिहायचे विसरले, तर विमा कंपनी पैसे अडविते. आपल्याकडे इतके बारकावे नाहीत, पण त्या दिशेनेच वाटचाल आहे.

नसांचे डॉक्टर आणखी एक पायरी लिहितात. १९९४ साली हवाई बेटांवर जमलेल्या तज्ज्ञांनी ती ठरविली. शून्यापासून सहापर्यंत. सी-५ म्हणजे भरून आलेली जखम, सी-६ म्हणजे उघडी जखम. ताईच्या आजच्या कागदावर सी-५ आहे. तिला तो आकडा पाठ आहे.

सारख्या दिसणाऱ्या जखमा

पायाला जखम झाली म्हणजे ती नसांचीच, असे मात्र समजू नये. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या पायाच्या धमन्या अरुंद होतात. त्याची जखम बहुधा बोटांच्या टोकाला, खोल, पाय गार आणि रात्री ठणका. पाय पलंगाखाली सोडला की बरे वाटते. अशा पायाला दाबाची पट्टी बांधली तर पाय कापायची वेळ येऊ शकते. म्हणून पट्टी बांधण्याआधी पावलावरची नाडी पाहावी लागते, आणि घोट्याचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. हे प्रमाण ०.८ पेक्षा कमी आले तर घट्ट पट्टी डॉक्टर बांधत नाहीत. दुकानातून क्रेप बँडेज आणून आपल्या मनाने करकचून बांधणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

मधुमेहाची जखम बहुधा तळपायाला, दाब येतो तिथे, आणि दुखत नाही. कुष्ठरोगातही तळपायाला बधिर जखम होते; तिथे कातडीवर बधिर चट्टे आहेत का, ते पाहायला हवे. आणि आपल्या दोन्ही तालुक्यांतील कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली बांधवांसाठी मुद्दाम सांगतो, सिकलसेल या रक्ताच्या आजारातही घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा होतात, आणि त्या तरुण वयात होतात. पंचविशीतल्या मुलाच्या घोट्याला महिनोन्‌महिने जखम असेल, अंग पिवळे पडत असेल, सांधे दुखत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. देशात १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे.

वर्षानुवर्षे उघडी राहिलेली जखम क्वचित कर्करोगाकडे वळते. कडा उंच होतात, फुलकोबीसारखी वाढ दिसते, सहज रक्त येते. तेव्हा डॉक्टर कडेचा तुकडा काढून तपासायला पाठवितात. पण जखम किती वर्षांची आहे, हेच कागदावर नसेल, तर हा विचार नव्या डॉक्टरांच्या मनात लवकर कसा यावा?

डॉक्टरांकडून काय लिहून घ्यावे

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. ही चांगली गोष्ट झाली, पण फुकट मिळाला म्हणून कागदाची किंमत उतरली, असेही मी पाहतो. एस.टी.त शेंगा बांधायला केसपेपर वापरलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

डॉक्टरांपुढे गर्दी असते. त्यांच्याशी वाद घालू नये, नम्रपणे एवढेच म्हणावे, "डॉक्टरसाहेब, जखम कशामुळे झाली ते कागदावर लिहाल का? आणि किती मोठी आहे तेही." चांगला डॉक्टर रागावत नाही. पाय कोणता, जागा कोणती, लांबी-रुंदी किती, तळ लाल आहे की पिवळा की काळा, पू किंवा वास आहे का, भोवतालची कातडी कशी, पावलाची नाडी लागते का, केव्हापासून आहे, याआधी किती वेळा भरून उघडली, इतके आले की पुढच्या डॉक्टरांचे अर्धे काम होते. शंका असेल तर शंका म्हणून लिहू द्यावी. पण तपासणी झाली की शंका मिटल्याचेही कागदावर यायला हवे, नाहीतर ताईसारखे होते. आणि कोणते मलम लावल्यावर भोवती खाज सुटली, पुरळ आले, तेही सांगून लिहून घ्यावे. या रुग्णांची कातडी नाजूक असते, काही मलमे तिला सोसत नाहीत, त्यांत निओमायसिन असलेली विशेष. तरी तेच मलम चार ठिकाणी चार वेळा मिळते, कारण आधीचे कुठे लिहिलेले नसते.

तशीच गोष्ट गोळ्यांची. ताप नाही, लाली पसरत नाही, पू नाही, तर जिवाणूनाशक गोळ्यांनी ही जखम भरत नाही. ताईने सहा वर्षांत अशा गोळ्यांचे किती कोर्स घेतले ते मी मोजायला बसलो आणि भिजलेल्या सहा कागदांपाशी थांबलो.

वही आणि आलेख कागद

आता घरी करायचे काम. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर रुग्णाचे आधारकार्डावर आहे तसेच नाव, वय, रक्तगट, साखर आणि रक्तदाबाचे शेवटचे आकडे, न सोसणारी औषधे. दुसऱ्या पानापासून जखम. आठवड्यातून एकच वार ठरवा. ताईचा मंगळवार होता, कारण त्या दिवशी घरात दुसरी गडबड नसे.

जखम मोजायची कशी? कृषी महाविद्यालयात आम्हाला पानाचे क्षेत्रफळ काढायला शिकवीत. पान आलेख कागदावर ठेवायचे, कडेने पेन्सिल फिरवायची आणि चौकटी मोजायच्या. जखमेचे तसेच करता येते. नवी कोरी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घ्या, तिचे दोन पदर असतात. ड्रेसिंग बदलताना, हात साबणाने धुऊन, पिशवी अलगद जखमेवर ठेवा आणि वरच्या पदरावर पेनाने कड गिरवा. खालचा पदर कापून टाकून द्या, वरचा आलेख कागदावर ठेवा. एक सेंटिमीटरची पुरी चौकट एक धरा, अर्ध्याहून जास्त असेल तर एक, कमी असेल तर सोडा. आलेले चौरस सेंटिमीटर तारखेपुढे लिहा. नर्सताईंना विचारून हे केले तर उत्तम, त्या एकदा दाखवून देतात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सर्वांत जास्त लांबी आणि तिला आडवी सर्वांत जास्त रुंदी मोजून लिहावी, तेवढेही चालते.

ताईच्या वहीत पहिला आकडा २४ आहे. दाबाची पट्टी सुरू झाल्यावर चौथ्या मंगळवारी १५. म्हणजे सदतीस टक्क्यांची घट. डॉक्टर म्हणाले, पहिल्या चार आठवड्यांत तीस-चाळीस टक्के घटली की ती पुढे भरण्याची आशा चांगली; घटली नाही तर निदान किंवा पट्टी यांत कुठेतरी चुकते आहे, पुन्हा पाहायला हवे. जखम ५ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर वेळ जास्त लागतो, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले. आकडा समोर असला की घरातली माणसेही पट्टी बांधून घ्यायला कंटाळत नाहीत. माझा भाचा, जो आईच्या ड्रेसिंगच्या वेळी अंगणात निघून जायचा, तोच पुढे चौकटी मोजायला बसू लागला.

मोबाइलवर फोटो काढायचा असेल तर जखमेशेजारी पट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून काढावा. योजनेच्या मंजुरीला तो उपयोगी पडतो. पण घरच्या बाईच्या पायाचा फोटो गावाच्या ग्रुपवर जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

योजना आणि हक्क

राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. आयुष्मान भारतशी ती जोडलेली आहे. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होते, १ जुलै २०२४ पासून ते पाच लाख झाले आणि पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारकांना खुले झाले. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. नसांच्या शस्त्रक्रियेची मागणी कशी जाते, कोणते कागद लागतात, हे त्यालाच विचारावे. दूरध्वनी क्रमांक १५५३८८. जाण्याआधी रेशनकार्ड आणि आधार यांवरची नावे जुळवून घ्या. सासर-माहेरच्या नावांचा घोळ बायांच्या कागदांत फार असतो, आणि तो दवाखान्यात उलगडत बसायची वेळ नसते.

दाखल झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे जपून ठेवावेत, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत प्रत द्यावी, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. त्याआधीच, १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाचा हा हक्क मान्य केला होता. लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी. अर्ज कसा लिहायचा हे आपल्याला कोणी शिकवायला नको, पंचायत समितीत आपण रोज लिहितो.

शस्त्रक्रियेचे म्हणाल तर, २०१८ साली विलायतेत ४५० रुग्णांवर केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. दाबपट्टीबरोबर नसेचा इलाज लवकर केला त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. उशिरा केला त्यांना तेवढ्यालाच ८२ दिवस लागले. ताईच्या नसेचा इलाज २०२३ च्या फेब्रुवारीत झाला. जखम चौदाव्या मंगळवारी पूर्ण मिटली. सहा वर्षांची जखम चौदा आठवड्यांत.

पुढचेही सांगितले पाहिजे. ही जखम भरल्यावर परत येते. म्हणून दाबाचे मोजे सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजण्याआधी चढवायचे, रात्री काढायचे, आणि हे वर्षानुवर्षे. गेल्या लावणीत उकाड्याला कंटाळून ताईने मोजे आठ दिवस काढून ठेवले आणि गमबूट न घालता खाचरात उतरली. जुन्या जागेच्या खाली दीड चौरस सेंटिमीटरचे तोंड उघडले. या वेळी मात्र तिने दुसऱ्याच दिवशी वही काढली, तारीख घातली आणि मुरबाडला जाऊन ती वही डॉक्टरांपुढे उघडी ठेवली. डॉक्टरांनी मधुमेहाचे विचारले, तेव्हा तिने पान उलटून साखरेचे आकडे दाखविले. पाच आठवड्यांत जखम मिटली. वही आता सातबाराच्या पिशवीत असते. मोजे तिला अजून गरम होतात, आणि त्यावरून आमचे फोनवर भांडण चालू आहे.